मध्यावर थांबलेलं शटर

शटरवाले मामू अर्ध्या उघड्या शटरखालून कधीच जात नसत. कंधारच्या बाजारात कुणी चहाला आत बोलावलं, तर आधी शटर पूर्ण वर ढकलायला लावायचे, डोळे किलकिले करून वर बघायचे आणि मगच पाऊल टाकायचे. "वर पिळलेली स्प्रिंग आन् खाली हसणारा मालक, दोघांचा बी भरोसा न्हाई," म्हणायचे.

संशय हा त्यांचा स्वभावच. मालक म्हणाला "कुलूप अडकतंय", की ते कुलपाकडे बघायचेही नाहीत. शटर छातीपर्यंत उचलायचे, हळूच हात काढायचे आणि चोरावर नजर ठेवावी तसे त्याच्याकडे बघत राहायचे. तिथंच थांबलं तर स्प्रिंग ठीक. घसरलं तर ढिली किंवा तुटलेली. आपोआप वर पळालं तर कुणीतरी जास्त पिळलेली. मग दरडावून विचारायचे, "आधी कोनं हात लावला व्हता?" हात लावणारा कबूल होईपर्यंत पाना पिशवीतून निघत नसे. मला तर कित्येक दिवस वाटायचं, हा माणूसच गावातल्या स्प्रिंगा ढिल्या करत फिरत असणार.

आमचं भांड्यांचं दुकान. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा शटर उचलेना. वय झालं, आता किल्ल्या पोराकडे द्या, असं घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. अण्णा जेवेनासे झाले. दुकान आपल्या हातानं उघडणं हाच त्यांचा जीव होता. मामू आले, माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "मानसाला म्हातारं म्हनायच्या आधी स्प्रिंग बघत जा." हात काढताच शटर दाणकन खाली आलं. वरच्या पाइपावरची एक स्प्रिंग तुटली होती. ती बदलल्यावर अण्णांनी एका हातानं शटर वर केलं आणि किल्ल्या आपल्याच खिशात टाकल्या.

काही वर्षांनी शटर पुन्हा जड झालं. मामू आले. अण्णा मुद्दाम पाठ करून ओट्यावर बसले, किल्ल्या मुठीत धरून. मामूंनी शटर छातीपर्यंत उचललं, हात काढला. शटर तिथंच थांबलं. तसूभर हललं नाही. त्यांनी पुन्हा करून बघितलं, बाजूच्या पट्ट्या चाचपल्या. कुठंच दोष नव्हता.

मग माझ्या देखत मामू पहिल्यांदाच खोटं बोलले. "अण्णा, ही हरामखोर परत ढिली झाली की!" स्टुलावर चढून उगाच पाना खडखडवत राहिले. उतरताना माझ्या कानाशी म्हणाले, "उद्यापासून तू बी खालून हात लावत जा. त्यांला कळू देऊ नको."

पुढं मामू वारले. मला ते अजून रोज आठवतात. सकाळी अण्णा कुलूप काढतात, हँडल धरतात. मी शेजारी वाकतो. शटर वर गेलं की म्हणतात, "मामूच्या हातची स्प्रिंग. अजून कशी हलकी हाय बघ!"

"हाव," मी म्हणतो.

कधीकधी मला संशय येतो, अण्णांना सगळं ठाऊक असावं. पण मी हात काढून बघत नाही.