हत्यारांची पेटी कोणाची?

आमचे हे चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर तरी गप्प बसतील, ही माझी भाबडी आशा. घरातल्या एकूण एक वस्तूवर यांची चिठ्ठी. पंख्यावर ‘तेल दिलं’, घड्याळामागे ‘सेल बदलला’, खाली तारीख. माझ्या पाठीवर चिठ्ठी नाही, ती केवळ मी झोपेतही सावध असते म्हणून!

मग यांचे हात थरथरायला लागले. गेल्या महिन्यात मिक्सर उघडला आणि आतली बारीक स्प्रिंग हातातून उडाली, ती अजून सापडायची आहे. मुलगा फोनवर वैतागला, “बाबा, पुरे आता. कशाला हात लावू नका.” यांनी फोन ठेवला. हत्यारांची लोखंडी पेटी पुसली, तिला कुलूप घातलं आणि महिनाभराने कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याला निरोप धाडला, शुक्रवारी पाचला येऊन पेटी घेऊन जा. कुलूप घातल्यापासून माणूस नुसता खिडकीशी बसून. त्या पसाऱ्यावर मी जन्मभर ओरडले, पण पेटी जाणार म्हटल्यावर मलाच घास गोड लागेना.

शुक्रवारी सकाळी माझा कॉम्प्युटर सुरू होईना. मी घरी टायपिंगची कामं घेते. वीज गेली तरी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस टेबलाखाली ठेवलाय, तो ठोकळा मेल्यासारखा पडला होता. ना दिवा, ना आवाज.

“बॅटरी गेली असेल. रिपेअरवाला येतोच आहे, त्याला दाखव,” हे खिडकीतूनच म्हणाले.

“पाचपर्यंत मी काय माशा मारू? बघा तरी एकदा.”

कॉम्प्युटर सरळ भिंतीत लावता आला असता, एवढं मलाही कळतं. पण मला यांना त्या खिडकीपासून उठवायचं होतं.

“अगं, माझे हात...”

“हात माझे घ्या. डोकं तर थरथरत नाही ना तुमचं?”

यांनी माझ्याकडे बघितलं आणि शर्टाच्या खिशातून पेटीची किल्ली काढली. म्हणजे महिनाभर किल्ली छातीशीच होती तर!

पण हत्यार काढण्याआधी चौकशी, ही यांची एक्स्चेंजपासूनची खोड.

“शेवटचा कधी चालला?”

“काल दुपारी. बराच वेळ पीप पीप करत होता. वीज गेली असेल म्हटलं, आणि शेजारी गेले.”

“खरंच गेली होती?”

“मी काय विजेवर पहारा देते?”

“त्याआधी काही लावलं होतंस?”

“छे! मी कशाला काय लावू?”

ताकाला जाऊन भांडं लपवलं मी.

प्लग काढून ठोकळा टेबलावर उलटा घातला. खाली सात स्क्रू. “डावीकडे फिरव. अगं हळू, लोणच्याची बरणी नाही ती!”

“तुम्ही उंटावरून शेळ्या हाकू नका हो.”

एवढं म्हणते तोच स्क्रू टुणकन उडून कपाटाखाली गेला. फुटपट्टी घालून काढताना माझ्या नाकी नऊ आले. मी कपाटाखालून ओरडले, “पाहिलंत? माझे हात तर चांगले ठणठणीत आहेत!” तेव्हा कुठे महिन्यानंतर यांच्या तोंडावर हसू दिसलं.

पेटीत स्कूटरचा एक जुना दिवा आहे, दोन वायरी जोडलेला. मीटर फसवेल पण दिवा फसवणार नाही, असं हे म्हणतात. बॅटरीला लावला तर दिवा जेमतेम लाल झाला आणि विझला.

“गेली बिचारी,” मी म्हटलं.

यांनी चष्मा वर करून बॅटरीवरची स्वतःचीच चिठ्ठी वाचली. “अकरा महिने झालेत फक्त. मेली नाही ही, उपाशी आहे. हिच्यापर्यंत वीजच पोचली नाही.”

उघड्या यंत्रात वीज सोडायची नाही, हा यांचा नियम. सातही स्क्रू पुन्हा बसवले मीच. भिंतीतल्या प्लगला टेबललॅम्प लावला, तो पेटला. यूपीएसची वायर बदलून स्क्रीनची लावली, तरी ठोकळा ढिम्म. हे त्याच्या पाठीवरून बोट फिरवायला लागले. बोट थरथरत होतं, पण एका जागी थांबलं. तिथे यांचीच चिठ्ठी होती, ‘नवी बॅटरी’, आणि चिठ्ठीला मधोमध टेंगूळ. सोलून बघतात तर खाली काळं बटण वर आलेलं.

“फार भार आला की हे बाहेर येतं आणि वीज तोडतं,” हे कपाळाला हात लावून म्हणाले. “आणि चिठ्ठी कुठे चिकटवली शहाण्याने? नेमकी यावर!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! यांनी बटण दाबलं. टक. ठोकळा पीप करून हिरवा झाला.

“पण भार कसला आला?”

मी छताकडे बघितलं. “पडद्यांना इस्त्री केली.”

“यूपीएसच्या सॉकेटवर?”

“मग कुठे करू? आतल्या खोलीतला बोर्ड महिनाभर ढिला आहे. तुम्ही बसलात पेटीला कुलूप घालून!”

हे इतके हसले की डोळे पुसायची वेळ आली. मीही हसले. फार बरं वाटलं.

पाचला रिपेअरवाला आला. आणि हे मुकाट्याने उठले, पेटी दोन्ही हातांनी उचलून दारात नेऊन ठेवली. शब्द दिला म्हणजे दिला! माझा भडकाच उडाला.

“थांबा हो. ती पेटी माझी आहे.”

“तुमची?” रिपेअरवाला गोंधळला.

“आज सात स्क्रू काढले ते मी. बसवले ते मी. विचारा यांना.”

त्याने यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, अगं, वेडेपणा करू नकोस.

“हो,” हे म्हणाले. “तिचीच आहे. मी तिला विचारायला हवं होतं.”

रिपेअरवाला चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. यांनी खिशातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि कपबश्या उचलून आत नेल्या. पाच मिनिटांनी दारात येऊन उभे.

“आतला बोर्ड ढिला आहे म्हणालीस ना. पेटी जरा देतेस का?”