शेवटचं बटण

वरच्या मजल्यावरच्या काकू जुन्या फोनमध्ये नवी सिस्टीम टाकून देतात. त्याआधी कंपनीनं फोनच्या आत घातलेलं कुलूप काढावं लागतं, पण ते काढायचं शेवटचं बटण त्या कधीच दाबत नाहीत. "आतलं सगळं पुसलं जाईल, आणि कुलूप गेलं की फोनची राखण तुलाच करावी लागेल. कबूल असेल तर तूच दाब," म्हणत हात मागे घेतात.

परवा माझा फोन त्यांच्यापुढे होता, तेवढ्यात त्यांचा मुलगा बायकोचा फोन घेऊन आला.

"आई, ही कुणाशी बोलते ते मला दिसेल असं काहीतरी टाक ना यात."

"तिला घेऊन ये. बटण ती दाबेल."

"अगं, बायको आहे माझी!"

"असेल. फोन तिचा आहे."

तो पाय आपटत गेला. फोन मात्र काकूंनी ठेवून घेतला, सुनेच्या हातात द्यायला. मग माझ्याकडे वळल्या. "हं, दाब."

एवढंसं बटण, पण माझं बोट धजेना.