धुऱ्यावरचा झेंडू

सुरुवातीला व्हिएतनामची मुलं कॉल लागला की आधी मला नमस्कार करायची. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या साकोलीच्या कॉलेजची चार मुलं आणि तिकडच्या विद्यापीठाची चार, मिळून धानावरची फवारणी कमी करायचा प्रकल्प करत होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून मार्गदर्शक मी. इतकी वर्षं वर्गात घासून ठेवलेलं माझं इंग्रजी एकदाचं कुणीतरी परदेशी माणूस ऐकणार, याचं मला किती अप्रूप होतं ते स्टाफरूममध्ये कुणाला कळू दिलं नाही. पहिल्या कॉलला नवी साडी मात्र नेसले.

मग ती बोलायला लागली. आमच्या चौघांतली एक, तुमसरची, राईस मिलमधल्या मजुराची मुलगी. शब्द सापडला नाही तर हातवारे करायची, तेही जमलं नाही तर स्वतःच हसायची, आणि पलीकडचे चौघं तिच्यासोबत हसायचे. महिन्याभरात असं झालं की कॉल लागला की मुलं विचारत, ती कुठे आहे? मी समोरच बसलेली असायचे.

हेवा हा शब्द मी तेव्हा वापरला नाही. ‘पोरगी जरा जास्तच पुढं पुढं करते’, एवढंच म्हणायचे.

तिकडच्या मुलांनी सुचवलं की बांधावर फुलझाडं लावून बघा. फुलांवर येणारे किडे धानावरचे तुडतुडे खातात. इकडे बांधाला आम्ही धुरा म्हणतो. जागा मी दिली, सानगडीजवळच्या माझ्या दिराच्या शेतातली. तिनं तिथं झेंडू लावायचं ठरवलं.

आता जे सांगायचं ते. दोन शेतांच्या मधला धुरा सामाईक असतो आणि त्यावर तूर लावायची पाळी असते. एक वर्ष याची, एक वर्ष त्याची. कुठं लिहिलेलं नाही, पण मोडतही कोणी नाही. तिच्या घरी शेत नाही, तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी सांगितलं होतं. यंदा पाळी शेजारच्या काकीची, हेही ठाऊक होतं. दिरानं फोनवर विचारलंसुद्धा, “वैनी, बाजूवालीले सांगतलं ना?”

“सांगते,” मी म्हणाले.

सांगितलं नाही. विसरले नव्हते. एकदा तरी तिचं काही चुकावं, इतकंच मला हवं होतं.

धानाची रोवणी उरकली, झेंडू बोटभर वाढला. तिनं शेतातूनच व्हिडिओ कॉल लावला; मी आणि दीर बाजूलाच उभे होतो. ती धुरा दाखवत असतानाच काकी मागून आल्या आणि वाकून रोपं उपटायला लागल्या. पलीकडच्या मुलांना वाटलं, ही कुणी मदतीला आलेली बाई. त्यांनी आनंदानं हात हलवले.

“यंदा ह्या धुऱ्यावर माही तूर आहे,” काकी म्हणाल्या. “झेंडू शिजवून वरण होते का, बाई? आन् हे कोन हात हालवून राहिले? त्याईले म्हना, तुमच्या धुऱ्यावर लावा!”

“काकी, मले खरंच माहीत नव्हतं जी,” ती म्हणाली.

“मंग विचारावं ना! तोंड नाही का तुले?”

दीर माझ्याकडे बघत राहिले. मी चपलेचा चिखल काढत होते.

साकोलीला परतताना बसमध्ये ती म्हणाली, “मॅडम, व्हिएतनामच्या बैठकीला माझं नाव नका पाठवू. मी विचारलंच नाही कुणाला. माझ्यामुळे सगळ्यांची मेहनत गेली.” प्रकल्पाच्या शेवटी तिकडे बैठक होती, आमच्या कॉलेजातून एकच विद्यार्थी जाणार होता, आणि नाव मी द्यायचं होतं. “बघू,” म्हणाले. आणि कबूल करते, खिडकीशी बसून मला बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं पुढच्या कॉलपर्यंत टिकलं. तिला मुलांना सगळं समजावून सांगायचं होतं. बोलता बोलता अडली, तेव्हा माझ्याकडे वळली. “मॅडम, पाळी कशी सांगू यांना? आणि हे पण सांगा, की चूक माझी आहे.” इतक्या भरवशानं म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना.

मी पाळी समजावली. मग म्हणाले, ही चूक तिची नाही. मला माहीत होतं, मी मुद्दाम बोलले नाही. सगळं माझ्या शुद्ध, स्वच्छ इंग्रजीत. का बोलले नाही, हेही सांगितलं. तिला कळावं म्हणून पुन्हा मराठीत सांगायला लागले, तर म्हणाली, “कळलं मॅडम.”

त्या संध्याकाळी तिचं नाव पाठवलं. काकींकडेही गेले, त्यांनी चहा दिला, पण खुर्ची दिली नाही. ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते.

पण राहून राहून वाटतं ते त्या कॉलचं. मी बोलून थांबले तेव्हा पलीकडचं कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं, रागानंसुद्धा नाही. चौघंही तिलाच विचारत होते, तू ठीक आहेस ना? माझा आयुष्यातला सगळ्यात खरा कबुलीजबाब, आणि चौकशी तिची. मला तेव्हाही हेवाच वाटला.