मामा आणि लाडका शिष्य

माझा मामा ड्रायव्हिंग शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसतो, आणि त्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तेवढ्या बळावर त्याने अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं आहे. घरातही तो असाच वागतो. चालवतं दुसरं कुणीतरी, ब्रेकवर पाय मामाचा. पन्नाशी उलटली तरी सगळे त्याला 'धाकटा' म्हणतात आणि तो ओ देतो. माझी आई त्याची ताई. तिने त्याला कडेवर वागवलं आहे, आणि ते ती त्याला विसरू देत नाही.

आजी राहायची आमच्या आईकडे, म्हणजे स्वतःच्या लेकीकडे. लेकीने आंघोळ घालायची, औषधं द्यायची, जेवण मऊ करून भरवायचं आणि वर दिवसभर बोलणी खायची. पाणी गार का, पडदा उघडा का, मीठ काय महाग झालंय का. मामा रविवारी चर्चमधून परस्पर यायचा, हातात संत्र्यांची पिशवी. त्याला बघून आजीचा चेहरा उजळायचा.

"आला ग माझा राजा! किती वाळलाय!"

वाळलेला मामा सोफ्यावर बसला की सोफा कण्हायचा. आई आतून म्हणायची, "राजांना चहा की सरबत?"

यंदा आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर तिला कुणाला धरून उठवणं-बसवणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. आजीला कुठेतरी हलवायला हवं होतं. मी राहते लांब, रात्रभराच्या प्रवासावर. तेवढं बसणं आजीला झेपणारं नव्हतं. राहता राहिला मामा.

"ताई, आमचं बाथरूम फार निसरडं आहे ग."

"रबरी मॅट मिळते बाजारात."

"आणि ही सकाळी कामावर जाते." मामी एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते.

"सकाळचं मी बाई लावून देते. दुपारी तू घरी घोरत असतोस."

"बघू या की. एवढी घाई काय आहे?"

हा झाला ब्रेक. ऑपरेशनची तारीख जवळ येत चालली तरी मामाचा पाय काही निघेना.

दर बुधवारी संध्याकाळी आईच्या बाहेरच्या खोलीत बायबलवाचन असतं. पाच-सात माणसं, शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळ्यांच्या गुडघ्यांना लागणारं एक टेबल. चर्चमध्ये नवीन आलेल्या तरुण पाळकबाईंनी टूम काढली की चार शुभवर्तमानांची, म्हणजे येशूच्या चार चरित्रांची, ओळख चार जणांनी करून द्यायची: कोणी लिहिलं आणि कशासाठी. मामाने कुणी तोंड उघडायच्या आत योहान पटकावला.

त्या बुधवारी मी आले होते. आई पाय स्टुलावर टाकून बसली होती. आजी खिडकीपाशी आरामखुर्चीत. तिचं कानातलं मशीन चालू आहे की बंद, हे फक्त तिलाच ठाऊक असतं.

मामा उठून उभा राहिला. "हे पुस्तक योहानाने लिहिलं. योहान कोण? तर येशूचा लाडका शिष्य."

"पुस्तकात तसं नाव कुठेच नाही हं," पाळकबाई हळूच म्हणाल्या. "येशूचा आवडता शिष्य, एवढंच आहे. योहान हे परंपरेने सांगितलेलं. काही अभ्यासक म्हणतात, सांगणारा तो असेल, पण लिहून काढलं त्याच्या मागच्या लोकांनी. शेवटी येतं ना, की याचं सांगणं खरं आहे हे आम्हाला माहीत आहे. मग हे 'आम्ही' कोण?"

मामाला ते रुचलं नाही. "बाई, माणूस विनयी होता. म्हणून नाव नाही घातलं."

"विनयी?" आई म्हणाली. "नाव घालायला लाजला आणि लाडका म्हणवून घ्यायला नाही लाजला? शेंडेफळ असणार. माझ्याकडून लिहून घ्या."

खुर्च्या करकरल्या. मामा डगमगला नाही. "पुरावे आहेत. शेवटच्या जेवणाला हा येशूच्या अगदी लगत होता. पेत्र एवढा मोठा शिष्य, पण त्यालासुद्धा काही विचारायचं तर याला खूण करावी लागली. मग कबरीकडे दोघं धावले, त्यात हा पुढे पोचला."

"असं लिहिलंय?" चष्म्याचं दुकान असलेल्या काकांनी विचारलं. "कोण पहिला आला ते?"

"स्पष्ट लिहिलंय."

"बघा," आई म्हणाली. "कबर रिकामी, जग उलटंपालटं झालेलं, आणि याचं आपलं 'मी पहिला'."

पाळकबाईंनी रुमाल तोंडाला लावला. "पण आत आधी पेत्र गेला. हा दारात थांबला होता."

"तेच तर म्हणते मी! पुढे धावायचं आणि दारात थांबायचं. आमच्या घरातलाच आहे हो हा."

आता मामाचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने होडीची गोष्ट सांगितली, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या येशूला लाडक्या शिष्यानेच आधी ओळखलं ती. मग हेतूवर आला. "आणि हे लिहिलं कशासाठी, तर वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा आणि त्याला जीवन मिळावं म्हणून. लेखकानेच सांगितलंय. संपलं." तो बसला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"एक जागा राहिली," आजी म्हणाली.

मशीन चालू होतं तर.

"कुठली ग आई?"

"लाडका शिष्य कुठे कुठे येतो ते सगळं सांगितलंस. एक जागा गाळलीस."

मामा पानं उलटायला लागला. पाळकबाई टेबलक्लॉथवरची फुलं बघू लागल्या. काकांना अचानक चष्मा पुसावासा वाटला. ती जागा खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती.

"क्रूसाजवळची," मामा शेवटी म्हणाला.

"मग वाच."

"चष्मा घरी राहिला बहुतेक..."

काकांनी नुकताच पुसलेला स्वतःचा चष्मा पुढे केला. धंद्यातला माणूस.

मामाने वाचलं. येशू क्रूसावरून आईकडे बघतो, जवळ उभ्या त्या शिष्याकडे बघतो, आणि त्याला सांगतो की ही आता तुझी आई. आणि तेव्हापासून तो शिष्य तिला आपल्या घरी ठेवून घेतो. बसच्या हॉर्नवर मात करणारा मामाचा आवाज त्या शेवटच्या ओळीला जेमतेम टेबलाच्या कडेपर्यंत पोचला.

"आपल्या घरी," आजी म्हणाली. "बाथरूम कसं होतं, ते काही लिहिलंय का रे?"

खोलीत हशा फुटला. मामा सगळ्यांच्या शेवटी हसला. हसू ओसरल्यावर मामाशेजारी बसलेली मामी आजीला म्हणाली, "आई, रबरी मॅट मी कधीच आणून ठेवलीय. ह्यांना बोलले नव्हते."

सगळे गेल्यावर मामा स्वयंपाकघरात कप विसळत उभा राहिला. हे इतकं नवलाचं होतं की आई काठी टेकत बघायला गेली.

"ताई, बाथरूमचं नाही ग," तो नळाकडे बघत म्हणाला. "ती तुला दिवसभर बोलते. मला जन्मात कधी बोलली नाही. माझ्याकडे राहायला आली की..."

"बोलणारच."

"मग लाडकी तू होशील."

"इतकी वर्षं वाट बघतेय," आई म्हणाली. "कप आतूनही धुतात, धाकट्या."

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी मामा आजीला न्यायला आला. गाडी शिकवणीचीच. आजीला पुढे बसवलं, म्हणजे मामाच्या नेहमीच्या जागी. जादा ब्रेक तिच्या पायाखाली आहे हे गाडी पहिल्या वळणावर गचकन थांबली तेव्हा मामाच्या लक्षात आलं. आजीच्या ते घरातून निघतानाच लक्षात आलं असावं. घर येईपर्यंत तिला तो रस्ता बऱ्याच ठिकाणी पटला नाही.

पुढच्या खेपेला मी आले तेव्हा आई काठीशिवाय हिंडत होती. रविवारी आम्ही संत्री घेऊन मामाकडे गेलो.

"आलीस ग माझी राणी! किती वाळलीस!" आजीने आईचा हात धरला. "याला साधं पाणी तापवता येत नाही बघ. आज गार, तर उद्या उकळतं."

आई नुसती बसून राहिली, आरामात, पाय लांब करून.

वाचन आता मामाकडेच भरतं. त्या बुधवारी त्याने पाळकबाईंना गाठलं. "बाई, तुमचं पटलं मला. 'लाडका शिष्य' हे त्याने स्वतः लिहिलेलं नाही."

"असं का वाटतं तुम्हाला?"

"ज्याच्या घरात आई आहे, तो माणूस स्वतःला लाडका म्हणूच शकत नाही. ते त्या 'आम्ही' लोकांनी मागाहून घातलं."

"असं मानणारे अभ्यासकही आहेत," पाळकबाई म्हणाल्या, आणि मामाने खोलीभर नजर फिरवून सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करून घेतली.

तेवढ्यात आजीने हाक मारली. मामा बाह्या सरसावून गेला. आजी त्याच्या दंडाला धरून चालता चालता त्याच्या घोरण्याविषयी बोलत होती. नवीनच येऊ लागलेल्या एका बाईंनी आईकडे झुकून विचारलं, "हे कोण?"

"तो होय?" आई म्हणाली. "आमच्या आईचा लाडका."

मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "त्याला सांगू नका हं. लगेच लिहून काढेल."