शिवेपलीकडचं चुंबक

बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात शाळामास्तर होतो. विज्ञान शिकवायचो. पावसाळा कोरडा गेला तसं अर्धं गाव ऊसतोडीला देवळालीकडे गेलं, उरलेलं खडी फोडायला. वर्गात जेमतेम दोन बाकं भरत. तरी मी इमानेइतबारे शिकवत होतो, कारण नाही शिकवलं तर घरी बसून पोरीकडे बघावं लागे. वर्षाच्या आतली माझी लेक जुलाबांनी पार सुकून गेली होती आणि घरात पाण्याचा खडखडाट.

अशात एकदा सूर्याचा धडा निघाला. चुलीपासून लांब सरकलं की धग कमी होते. सूर्याचं उलटं आहे, असं मी सांगितलं. त्याच्या पृष्ठभागापेक्षा भोवतीचं विरळ वातावरण कितीतरी पट जास्त तापलेलं असतं. सूर्यासारख्या इतर ताऱ्यांचंही तसंच असावं. हे नेमकं कसं घडतं ते अजून कोणाला पुरतं उलगडलेलं नाही, पण त्यामागे चुंबकत्वाचा हात आहे. मग शाळेचं पट्टीचुंबक कागदाखाली धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरला आणि उमटलेल्या रेषा दाखवल्या. सूर्यावर अशा रेषा पिळवटतात, तुटून पुन्हा जुळतात आणि उष्णता मोकळी होते. पोरं खूश झाली. मीही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं: मास्तर शाळेत चुंबकानं आभाळ तापवतो, म्हणून ढग टिकत नाहीत.

ऐकून मी आधी हसलो. दुसऱ्या दिवशी टँकरचं पाणी विहिरीत ओतलं, तेव्हा बायकोला कोणी पोहरा टाकू देईना. ती रिकामी घागर घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. मी तावातावानं विहिरीवर गेलो. कुठे तो सूर्य आणि कुठे ही वीतभर पट्टी, घसा फोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेजारचे म्हातारबाबा, एरवी माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन हिंडणारे, हात जोडून पुढे आले.

"गुर्जी, तुमीच पोरांना सांगितलं न्हवं, चुंबकानं आभाळ तापतं म्हून? रोगराई आली तर आमी मरीआईचा गाडा शिवंपल्याड नेतो. ह्ये बी न्या. मंग पानी घ्या."

मला भयंकर संताप आला. पण घरी पोरीची जीभ कोरडी पडली होती. शाळेतून चुंबक आणलं, बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, ते सुपात घेऊन शिवेपलीकडे ठेवून आलो. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. परतलो तर म्हातारबाबांनी स्वतः माझी घागर भरून ठेवलेली. त्या पाण्यावर पोरगी तगली.

पाऊस काही आला नाही. पुढे एका दुपारी म्हातारबाबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांची बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली गेली होती, मुलगा-सून तोडीला गेलेले. नजर पांढऱ्याफटक आभाळाकडे होती. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता.

"गुर्जी, तुमी शिकलेलं मानूस," ते म्हणाले. "आता आनखी काय टाकून येऊ, तेवढं सांगा."