हरणाऱ्यांना पुढला रविवार हवा

हिलालनाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात कलेक्टर कचेरीसमोर पत्रकं वाटत होतो. मैदानांबद्दलचीच... खेळाची मैदानं प्रदर्शनांना भाड्यानं देऊ नका, अशी. फोन रफिकचा होता. धुळ्याच्या एकाच फुटबॉल क्लबात आम्ही दोघं वाढलो. "नाना गेले यार," एवढंच बोलला. उरलेली पत्रकं तशीच पिशवीत कोंबली आणि मिळेल ती बस धरली. एरंडोल, पारोळा, धुळे... नानांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर माझ्याआधी फ्लेक्स पोचलेला. त्यावर नानांचा फोटो, शेजारी पुरुषभर उंचीचा चषक, वर क्लबचे अध्यक्ष संजूभाऊ हात जोडून, आकारानं नानांच्या दुप्पट. खाली लिहिलेलं : 'आमच्या क्लबचे आधारस्तंभ'. त्या चषकाला नानांनी आयुष्यात हात लावला नव्हता. मयताच्या दारात भांडायचं नसतं म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. आता महिना होऊन गेलाय.

नाना सरकारी खात्यातले निवृत्त कारकून. आम्हाला फुटबॉल त्यांनीच शिकवला. आमचा क्लब जिल्हा लीगच्या खालच्या गटात खेळायचा, आणि खालच्या गटातही खालीच असायचा. रविवारी सकाळी सामना. प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडूंच्या चपला. नाना सगळ्यांच्या आधी सायकलवरून गोणपाट घेऊन यायचे, त्यात गोलाची जाळी. नायलॉनच्या दोरीची, स्वतः गाठी मारून विणलेली. खालच्या गटात जाळीची सक्ती नव्हती, पण नानांचं म्हणणं, जाळी नसली की बॉल आतून गेला का बाहेरून, यावरच अर्धी सकाळ जाते. सामना संपला की स्वतःच सोडवायची, झटकायची, घडी घालायची. आम्ही हरून बसलेलो असायचो, घडी घालता घालता नाना म्हणायचे, "जितनारले कप भेटस. हारनारले पुढला रविवार जोयजे, भो." जिंकणाऱ्याला कप मिळतो, हरणाऱ्याला पुढला रविवार हवा. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. मी आजवर छापलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा ते मोठं आहे.

संजूभाऊंना कप हवे होते. आपल्याकडे कप म्हणजे कुणातरी नेत्याचा वाढदिवस. मंडप, डीजे, एका दिवसात बाद फेरी, रात्री बक्षीस समारंभ. क्लबची बैठक भाऊंच्या दुकानामागे व्हायची, चहावर. भाऊ म्हणाले, "नाना, लीगला बघायला येतं कोण? तुम्ही, पंच आणि ती दोन कुत्री." नाना म्हणाले, "कुत्रा दर रविवारी येतस, भाऊ. तुम्हना कपले पब्लिक वरीसमा एकदाव येस." सगळे हसले. भाऊही हसले, पण कप आधी, लीग नंतर, हा त्यांचाच ठराव झाला. भाऊंचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. कपातूनच जर्सी यायच्या, लीगमधून फक्त घाम. पण कपाला अकरा पोरं लागतात, चांगली अकरा, आणि कमी पडली तर बाहेरून आणता येतात. एक सामना हरलात की घरी. मग माझ्यासारख्या, कायम राखीव राहिलेल्या, डाव्या पायानं बॉल मारला की बाहेरच्या चपलांना लागणार अशा पोरानं कुठं खेळायचं? लीग लांबलचक असते. कुणाला ताप येतो, कुणाची परीक्षा असते, आणि एका रविवारी तुमचा नंबर लागतो. क्लब म्हणजे तो नंबर लागणं. बाकी सगळा मंडप.

मग तो रविवार आला. साक्रीत लीगचा सामना आणि जळगावात कप, एकाच दिवशी. एका कपासाठी आम्ही त्या हंगामात आधीच एक लीग सामना सोडला होता. दुसरा सोडला तर लीगमधून बाद, असा नियम. भाऊ चांगली पोरं गाडीत घालून जळगावला गेले. नाना स्टँडवर उभे, खांद्यावर गोणपाट. नियमानं किमान सात खेळाडू लागतात. "कितला शेतस?" नानांनी विचारलं. रफिक म्हणाला, सहा. "मंग सातवा मी." साठी ओलांडलेला माणूस! वाटेत कुसुंबं येईपर्यंत आम्हाला वाटलं गंमत करतायत. साक्रीत त्यांनी स्वतःची जाळी स्वतः बांधली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि तिच्यापुढे गोलकीपर म्हणून उभे राहिले. बाहेरून कुणी ओरडलं, "बाबा, खाट टाकी देऊ का?" नाना म्हणाले, "टाक. पन गोलमा टाक, तेवढा बॉल तरी अडी." अकरा गोल झाले. अकरा वेळा नाना वाकून आपल्याच जाळीतून बॉल काढत होते, आणि दर वेळी मधल्या रेषेकडे फेकताना टाळी वाजवत होते... जणू आम्ही आता बरोबरीच करणार. एका फटक्यानं जाळीला भोक पडलं. शिट्टी वाजली तेव्हा मी रडत होतो. नाना म्हणाले, "काब्रं रडस? मॅच व्हयनी ना?"

नाही. झाली नाही. त्याच दिवशी जळगावात आमचा क्लब कप जिंकला. लीगवाल्यांनी क्लबकडे विचारणा केली, साक्रीला खेळलेला हा सातवा माणूस तुमचा नोंदलेला खेळाडू आहे का? साक्रीवाल्यांची तक्रार नव्हती. उत्तर द्यायचं होतं ते आमच्याच क्लबनं. भाऊंनी कळवलं, सदर इसम आमच्या क्लबचा खेळाडू नाही, आणि साक्रीला गेलेल्या संघाला क्लबची परवानगी नव्हती. संपलं. सामना रद्द, संघ बाद. म्हणून तो फ्लेक्स माझ्या डोक्यात जातो. जिवंत असताना 'सदर इसम', मेल्यावर 'आधारस्तंभ'!

पुढच्या वर्षी आमचं बघून आणखी दोन क्लब कपांच्या मागे लागले, आणि खालच्या गटाला संघ पुरेनात. गट बंद पडला. साक्रीला गेलेल्या सहांपैकी दोन सुरतेला, एक नाशिकला, एक कुठे ते माहीत नाही. रफिक गॅरेजात, मी रस्त्यावर. कप अजून दरवर्षी होतो. क्लबच्या नावानं बाहेरची पोरं खेळतात. जिंकलेला चषक भाऊंच्या दुकानात आहे, दरवाजात मावेना म्हणून वरचा तुरा काढून ठेवलाय. मी पत्रकं काढली, निवेदनं दिली, दोन वेळा पोलिसांनी उचललं. नानांना पत्रक दाखवलं की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "इतला उद्गारचिन्ह काब्रं टाकस? गोल व्हयना का काय?" लीग पुन्हा सुरू होईल, असं मी म्हणालो की मात्र पत्रकाची घडी घालून परत द्यायचे. मला तेव्हा वाटायचं, थकलेत. आता वाटतं, माझ्यापेक्षा त्यांना आधी कळलं होतं. लीग ही काही मागून मिळणारी वस्तू नाही. हरूनही परत येणारी माणसं लागतात तिला, आणि ती पांगली. मी पत्रक तरी कुणाच्या हातात देणार?

गेल्या रविवारी अक्कांना भेटायला गेलो. अक्का म्हणजे नानांची बायको. मागच्या अंगणात गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल भिंतीएवढा चढलेला, आणि तो चढला होता जाळीवर. तीच जाळी. मी बघत राहिलो तर अक्का म्हणाल्या, "ठेयीसन काय करू? उंदरं कुरतडतीन." जवळ गेलो. साक्रीला पडलेलं भोक निळ्या दोरीनं विणून बंद केलेलं, एक एक गाठ घट्ट. मी विचारलं, नानांनी हे कधी केलं? अक्का म्हणाल्या, क्लब लीगमधून निघाल्यावर, त्याच आठवड्यात, इथंच खाटेवर बसून. कोणता सामना होता पुढे? कुणाविरुद्ध? त्या निळ्या गाठींतून एक गिलकं खाली लोंबत होतं.

अक्कांनी चार गिलकी तोडून माझ्या पिशवीत, पत्रकांवर ठेवली. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुढला रविवारले ये भो, आखो गिलका लागतीन."

मी हो म्हणालो. रविवारी आता मला कुठंच जायचं नसतं.