चंबळच्या घळी, सुसरी आणि नवरा हरवला तो तास

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होते. दगडांचे नमुने पुसायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या, परीक्षेला ट्रे लावायचे, हे माझं काम. मुलं आणि सर दरवर्षी सहलीला जायचे. कधी बदामी, कधी कच्छ, कधी चंबळ. मी एकदाही गेले नाही. "मंगलताई, तुम्ही आलात तर लॅब कोण बघणार?" हे इतक्या प्रेमाने विचारलं जायचं की मी हसून ट्रे पुसायला घ्यायचे. सहल परत आली की पिशव्या उघडायच्या आणि दुसऱ्यांनी पाहिलेल्या जागांची माती मी बेसिनमध्ये धुवायची.

त्या संध्याकाळी घरी नारायण पेठेत आले, शाल घडी करून ठेवली आणि म्हटलं, "अहो, मला चंबळला जायचंय."

"डाकू व्हायचं वय गेलं आपलं," पेपर खाली न करता हे म्हणाले.

हे म्हणजे माझे यजमान. खडकीच्या कारखान्यात नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दुपारी एक ते चार झोप हा यांचा धर्म.

"तिथे आहे काय?"

"माती. आणि सुसरी."

"माती बघायला इतक्या लांब? खडकवासल्याला जाऊन ये. कणीसही मिळेल."

तरी तिकिटं यांनीच काढली. वरचा आणि खालचा बर्थ, खालचा स्वतःला.

जायचं कसं, कधी

पुण्याहून चंबळकाठच्या धौलपूरला थेट गाडी आहे. साधारण एक दिवस आणि वर थोडं. सुसरी उन्हाला वाळूवर येतात त्या हिवाळ्यात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आम्ही जानेवारीत गेलो आणि धुक्यापायी पाच तास उशिरा पोचलो. दुसरं म्हणजे थंडी. आपण पर्वतीवर घालून जातो तो स्वेटर तिथे बनियनच्या जागी वापरायचा. हे मला कळलं तेव्हा माझ्याकडे तेवढाच स्वेटर होता.

गाडीत वेळच वेळ. मी यांना घळींची गोष्ट सांगितली. चंबळच्या दोन्ही काठांना जाडच्या जाड गाळ आहे, आपल्या काळ्या पाषाणासारखा दगड नाही. पावसाचं पाणी उताराला धावतं, आधी बोटाएवढी चर पाडतं, मग हातभर, मग माणूस बुडेल एवढी. चरी एकमेकींना मिळतात, झाडाच्या फांद्या बुंध्याला मिळाव्यात तशा, आणि बुंधा शेवटी नदीला. शाळेच्या पुस्तकात हिला उत्खातभूमी म्हणतात. मी अगदी रंगात आले होते. समोर पाहिलं तर हे डोळे मिटून, तोंड किंचित उघडं. मी उरलेलं व्याख्यान खिडकीला दिलं.

पहिली सकाळ: नदी

स्टेशनवर घ्यायला रामखिलाडी आले होते. वय पंचावन्नच्या पुढेमागे, डोक्याला मफलर, स्वतःची जुनी जीप. हिवाळ्यात ते पाहुण्यांना फिरवतात, एरवी शेती. वीस वर्षांपूर्वी वनखात्याकडे रोजंदारीवर सुसरींची घरटी मोजायचं काम करायचे. मुक्काम त्यांच्याच घराच्या दोन खोल्यांत. स्वच्छ आहेत, गरम पाणी बादलीने मिळतं. बायकांसाठी एक सूचना: घाटावर आणि घळींत कसलीही सोय नाही, घरूनच जाऊन निघावं.

सकाळी धौलपुरात बेडई खाल्ली. ही उडदाच्या सारणाची खुसखुशीत पुरी, वर रस्सेदार बटाटा आणि शेजारी गरम जिलबी. यांनी तीन खाल्ल्या आणि "पोहे बरे" असं म्हणून चौथी मागवली.

घाट अर्ध्या तासावर. बोटीचं तिकीट माणशी असतं, कॅमेऱ्याचं वेगळं. सुटे पैसे न्यावेत. लवकर जाण्यात अर्थ नाही, नऊनंतर ऊन तापलं की मगच मंडळी बाहेर येतात. आम्ही बसलो तेव्हा पाण्यावर वाफ होती. बोट वळणावरून पुढे गेली आणि वाळूच्या पट्ट्यावर सुसरी दिसल्या. एक, तीन, मग मोजणं सोडलं. नुसती पडलेली लांबच लांब जनावरं, पुढे चिमट्यासारखा जबडा. एका नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा.

"वो घड़ा है, इसीलिए घड़ियाल," रामखिलाडी म्हणाले.

"माणसं खाते का?" यांनी हिंदीत विचारलं, म्हणजे "आदमी खाती क्या ये?"

"नहीं साहब, मछली। आदमी से तो यही डरती है। मगर अलग चीज़ है, उससे आप डरिए।"

चक्रवाकांची नारिंगी जोडी ओरडत गेली. पाणचिऱ्यांचा थवा आला, लाल चोच पाण्यात बुडवून नदीवर सरळ रेघ ओढत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे शेजारीच होते. खिशातून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा दुर्बीण लावली.

दुपार: घळी

जेवण करून घळींकडे निघालो. वरचं रान सपाट, मोहरीची पिवळी शेतं, आणि मग एकदम शेत संपतं. पुढे जमीनच नाही. खाली पिवळ्या मातीचे सुळके, कडे, खोल गल्ल्या, त्यांना फुटलेल्या गल्ल्या, पार क्षितिजापर्यंत. मला "अगंबाई, किती सुंदर!" एवढंच म्हणता आलं.

रामखिलाडी शेताच्या टोकाला उभे होते. खाली हवेत बोट दाखवून म्हणाले, "मेरे पिताजी का कुआँ वहाँ था।"

तिथे विहीर नव्हती, शेतही नव्हतं. खाली तीसेक हातांवर बोरी-बाभळींचे शेंडे होते. मी मघाशी मोठ्याने "किती सुंदर" म्हणाले होते, ते मला परत घ्यावंसं वाटलं.

मग पायवाटेने खाली उतरलो. भिंतींतून पांढुरके खडे बाहेर आले होते, आल्याच्या गड्ड्यांसारखे वाकडेतिकडे. कंकर! याच्या ट्रेला मी एकतीस वर्षं चिठ्ठी लावली होती. चुन्याचा असतो, आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. आम्ल कुठून आणणार, पण डब्यात लिंबाची फोड होती. खडा खरवडून भुगा केला, लिंबू पिळलं. बारीक फेस आला. मी आनंदाने टाळी वाजवली आणि लगेच दुसरा खडा शोधला.

"झालं का तुझं?" हे म्हणाले. एव्हाना यांची झोपेची वेळ उलटून गेली होती.

"पाचच मिनिटं."

"मग मी दोन मिनिटांत येतो," करंगळी दाखवून हे वळणाआड गेले.

माझी पाच मिनिटं वीस झाली. मान वर केली तेव्हा हे नव्हते.

आधी राग आला. "अहो!" अशी हाक मारली. उत्तर नाही. वळणापलीकडे गेले तर गल्लीला तीन तोंडं, तिन्ही सारखीच. फोन लावायचा तर यांचा फोन माझ्याच पर्समध्ये, आणि रेंज तशीही नव्हती. "अहो! अहोऽ!" मऊ माती आवाज पिऊन टाकत होती.

वाटेच्या तोंडाशी थांबलेले रामखिलाडी धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"मैडम, ऐसे नहीं। नाम लेकर बुलाइए।"

तेहेतीस वर्षांच्या संसारात मी यांना नावाने हाक मारलेली नाही. आमच्या सासूबाईंना चाललं नसतं, आणि पुढे त्या गेल्यावरही तशी सवय लागली नाही. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "दिलीप! दिलीऽप!"

काही नाही.

रामखिलाडी खाली वाकून बुटांचे ठसे पाहू लागले. ठसे डावीकडे गेले होते, परत आले होते, उजवीकडे जाऊन चढावर थोडे सरकले होते, पुन्हा खाली. इथली जुनी माणसंही हरवतात, ते म्हणाले. वाट दिसावी म्हणून वर चढायला जातात, कडा सुटतो आणि माणूस पडतो. मी विचारलं, अंधार किती वाजता होतो? त्यांनी सूर्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा ठशांवर वाकले.

मी घळीच्या तळाकडे पाहिलं. पावसाळ्यात वाहिलेल्या पाण्याने वाळूवर बारीक लाटा काढल्या होत्या, सगळ्या एका दिशेला. ठसे तीन वेळा चुकले होते. चौथ्या वेळेला त्या लाटांच्या दिशेने गेले होते.

"पानी जहाँ गया, वहाँ गए हैं," मी म्हटलं. माझं हिंदीही फार बरं नाही.

आम्ही चालत सुटलो. घळ रुंद होत गेली, शेजारच्या घळी येऊन मिळत गेल्या. एका चिखलाच्या डबक्यात यांचा एक बूट उभा होता, पायाविना. तो मी उचलून छातीशी धरला. तेवढ्या वाटेत मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

घळ संपली आणि समोर नदी. काठाच्या वाळूवर हे बसलेले, गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात नुसता मोजा. आमची चाहूल लागली तसा मागे न बघता हात वर केला.

"हळू. उडतील."

पलीकडच्या पट्ट्यावर पाणचिऱ्यांचा अख्खा थवा उतरला होता, आणि पाण्यात एक सुसर जबडा वर करून मासा गिळत होती. मला पाहायचं नव्हतं. मला यांना बुटाने मारायचं होतं.

रामखिलाडी मात्र वेगळीकडे पाहत होते. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "साहब, उठिए मत। बैठे-बैठे पीछे सरकिए।"

डावीकडे पंधरा पावलांवर एक ओंडका होता. ओंडक्याला डोळा होता.

हे बसल्या बसल्या, अंगणात रांगणाऱ्या पोरासारखे मागे सरकत आले. मगरीने तोंड थोडं उघडलं, पुन्हा मिटलं आणि सावकाश पाण्यात गेली.

"कधीपासून होती ती?" मी विचारलं.

"मी आलो तेव्हा होती. मला वाटलं, बसायला दोन जागा आहेत, ही बरी."

मग मी रडले. चांगली मोठ्याने. थवा उडाला.

परत जाताना हे माझा हात धरून चालत होते, जे आम्ही लक्ष्मी रोडलाही करत नाही.

"इकडे यायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"तूच म्हणालीस ना गाडीत, घळी शेवटी नदीला मिळतात. नदीवर बोटी असतात. कोणीतरी नेईल."

"तुम्ही झोपला होतात!"

"डोळे मिटले होते." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "नावाने हाक मारलीस ना?"

"ऐकू आली? मग ओ का नाही दिली?"

"दिली होती, पोचली नसेल. आधी तर थांबलोच. आई गेल्यापासून त्या सुरात कोणी हाक मारली नव्हती."

मी यांचा हात घट्ट धरला. चढ होता आणि मला दम लागला होता.

रात्री रामखिलाडींच्या घरी चुलीशेजारी बसून बाजरीची भाकरी आणि मोहरीच्या पानांची भाजी खाल्ली. त्यांच्या पत्नीने यांचा बूट राखेत ठेवून वाळवला. जाणाऱ्यांना एवढंच सांगते, माहितगाराशिवाय घळींत उतरू नका, फोन ज्याचा त्याच्याकडे ठेवा, आणि दोन मिनिटांवर विश्वास ठेवू नका. परतीच्या गाडीत खायला मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत चिक्की, घ्या. आम्ही चार डबे घेतले, मनमाडला एक उरला होता.

घरी

परत येऊन सहा महिने झाले. इमारतीत यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली आहे. तिच्यात मगर दर वेळी दोन पावलं जवळ येते. मी पुन्हा "अहो"वर आले आहे. मात्र दुपारच्या झोपेआधी हे आता मला विचारतात, अमुक दगड कसा होतो गं? आणि डोळे मिटतात. मी सांगत राहते.

जूनमध्ये रामखिलाडींनी व्हिडिओ पाठवला. सुसरीची पिल्लं, विती-विती एवढी, नराच्या पाठीवर दाटीवाटीने चढून बसलेली आणि बारीक आवाजात ओरडणारी. आम्ही तो चहा गार होईस्तोवर पुन्हापुन्हा पाहिला. मागच्या आठवड्यात त्यांचा आवाजी निरोप आला, पाऊस चांगला आहे, पिल्लं पुराआधी मोठी झाली, आणि शेताचा कोपरा घळीत गेला.

यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, काहीतरी खोचक बोलतील. बटण दाबून म्हणाले, "रामखिलाडीजी, कोपरा मतलब कितना गया?"

उत्तर लगेच आलं. "ज़्यादा नहीं साहब। चार खाट बिछ जाएँ, इतना।"

हे उठले. सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय उचलून बाजूला ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकत मोजू लागले. मग मधोमध उभे राहिले.

"मंगल, आपला हॉल," हे म्हणाले. "एका पावसात."